रंगखात्यामागचा नाला

पत्रिकेत छापलंय : चंपावती दुधाणे,
माळव्याच्या काळ्या मातीशी नाळ जोडलेली चित्रकर्ती.
काळी माती?
परदेशीपुऱ्यात आमच्या खोल्यांमागे
धड मातीच नव्हती. गिरणीच्या बॉयलरची राख होती
आणि नाला.

नाल्याला पाण्याचा रंग असतो
हे मला कळलं तिशीत.

सकाळचा भोंगा झाला की
चंपाक्का दात घासता घासता पुलियावरून ओरडायची,
"आज शेंदरी!"
जूनमध्ये शाळांच्या कापडाचा निळा.
पोलिसांचं काम आलं की पंधरा-पंधरा दिवस खाकी,
तेव्हा ती रुसायची, तिकडे फिरकायचीच नाही.
दोन ऑर्डरी एकाच दिवशी सुटल्या तर
हिरवा नि लाल शेजारी शेजारी वाहायचे
भांडलेल्या जावांसारखे, एकमेकांना न शिवता,
थेट पुलियापर्यंत.
खाली अंधारात काय व्हायचं कोण जाणे,
पलीकडून चिखल निघायचा.

रामरतन गवळ्याच्या म्हशी त्यातूनच पार व्हायच्या.
गुडघ्यापर्यंत जांभळ्या, वर काळ्या,
मधली रेघ पट्टीने मारल्यासारखी.
अक्काच्या प्रत्येक चित्रात
खालून तिसऱ्या भागावर एक आडवी रेघ असते.
समीक्षक तिला क्षितिज म्हणतात.
म्हणोत.

बाबा रंगखात्यात.
नऊ नखं, रोज निराळी.
डावी करंगळी माझ्या जन्माआधीच मशीनकडे राहिलेली.
वरणभात कालवला की शितं गुलाबी व्हायची.
आई म्हणायची, हात धुवा.
ते म्हणायचे, धुतलेत.
उशीचे अभ्रे ती वेगळ्या बादलीत भिजवायची.

हे सगळं सुंदर होतं असं मी म्हणणार नाही.
माझ्या पोटरीवर चट्टा आहे तळहाताएवढा,
एका उन्हाळ्यात चेंडू काढायला उतरले त्याचा.
रात्री अजून खाजतो.
अक्का कधी उतरली नाही, काठावर बसून बघायची.
तुला बघणं मिळालं, मला चट्टा,
असं एकदा चिडून म्हटलं
तर म्हणाली, दाखव,
आणि मोबाईलचा दिवा लावून
कितीतरी वेळ त्याचा रंग बघत राहिली.

देवासच्या मुलींच्या शाळेत बावीस वर्षं
तिने सफरचंद काढायला शिकवलं,
ज्यांच्या घरी सफरचंद तापातच यायचं त्या मुलींना.
स्वतःची चित्रं रात्री, रद्दीच्या पुठ्ठ्यांवर.
नाव झालं ते साठीनंतर,
तोवर गुडघे गेले होते.

गिरणी बंद पडली तेव्हा
भोंगा नाही म्हणून गल्ली उशिरा उठली.
पाच-सहा दिवसांत नाला नितळ झाला.
लोक म्हणाले, चला, घाण तरी गेली.
अक्का देवासहून आली, पुलियावर उभी राहिली,
काही ओरडली नाही.

बाबा ओट्यावर बसून.
नखांच्या मुळाशी पांढरं फुटलं.
शेवटचा रंग, कुठल्याशा साडीचा मोरपंखी,
वर वर सरकत
चार महिन्यांनी टोकाला आला.
त्यांनी नखं कापली. अक्काने ती कागदात गोळा केली.
"घरात नखं ठेवतं का कुणी? भांडणं होतात,"
आई ओरडली.
झालीही भांडणं. पण पुडी कुठे गेली
ते कुणी विचारलं नाही.

परवा प्रदर्शनात, दाराआडच्या भिंतीवर
वहीच्या पानाएवढं एक चित्र होतं.
काळ्यावर बारीक मोरपंखी कोरी.
एक बाई माझ्याकडे वळल्या,
"चंद्र आहेत ना? पण नऊच का?"
अक्का चहा प्यायला गेली होती.
मी म्हटलं, पुन्हा मोजून बघा.
त्या मोजू लागल्या.